गाडी म्हातारी, मालक निर्दोष

प्रति,
ब्रिटनमधील जुन्या मोटारगाड्यांचे समस्त मालक

विषय : वार्षिक तपासणीत गाडी नापास झाल्यास दोष तिच्या वयाला देण्याबाबत

महोदय/महोदया,

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दरवर्षी ‘एमओटी’ नावाची तपासणी द्यावी लागते. (उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा, तिथे पहिली तपासणी चार वर्षांनी.) सप्टेंबर १९६० मध्ये ही तपासणी सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांवरच्या गाड्यांपुरतीच होती आणि तीत ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. इतक्या सोप्या पेपरातही एवढ्या गाड्या नापास झाल्या, की पुढच्याच वर्षी ही मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ साली तीन वर्षांवर आणावी लागली. निकालाचे खापर गाडीच्या वयावर फोडण्याची प्रथाही बहुधा तेवढीच जुनी असावी. ती प्रथा आजच्या मालकवर्गाने निष्ठेने चालवली आहे, याची प्रस्तुत पत्राद्वारे साभार नोंद घेण्यात येत आहे.

तपासणीच्या आदल्या रात्री मालकाला धास्ती असते ती इंजिनाची. ती निराधार आहे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची प्रकृती एमओटीच्या कक्षेतच येत नाही. इंजिनाचा धूर तपासतात, तेलगळती फार असेल तर तीही पाहतात. पण इंजिन उद्या बसणार असले तरी गाडी आज पास होऊ शकते. परीक्षकाला गाडीचा एकही भाग खोलण्याची परवानगी नाही. त्याने पाहायचे, हलवायचे, दाबायचे आणि यंत्रावर ब्रेक मोजायचे. मोटारीच्या तपासणीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आकारता येतात. एवढ्या रकमेत वर्षभराची देखभालही उरकली, असे समजणारा मालक काटकसरी म्हणून गौरवास पात्र ठरतो.

गाड्या खरोखर नापास होतात त्या साध्या गोष्टींवर. बंद पडलेला ब्रेकलाइट, १.६ मिलिमीटरही नक्षी न उरलेला टायर, काच पुसण्याऐवजी सारवणारा वायपर, झिजलेले ब्रेक पॅड, तुटलेली सस्पेन्शनची स्प्रिंग, फाटलेले बुश. यांतल्या निम्म्या गोष्टी मालकाला घराच्या दारात, हातात चहाचा कप धरूनही दिसल्या असत्या. पण बल्ब बदलणे हे परीक्षकाच्या अधिकारातील काम आहे, अशी एक समजूत मालकवर्गात दृढ आहे. त्यामुळे तो बल्ब वर्षभर एमओटीची वाट पाहत बसतो.

गंजाचे प्रकरण मात्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ पाण्यासोबत गाडीच्या पोटाखाली उडते, दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यात शिरते आणि तिथे आतून काम करू लागते. वरून रंग तुळतुळीत. गाडी लिफ्टवर चढली, की परीक्षक छोट्या हातोडीसारख्या अवजाराने त्या पत्र्यावर हलकेच टकटक करत पुढे सरकतो. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेला पत्रा बद्द वाजतो, रंगाची खपली निघते आणि तपकिरी भुगा खाली झरतो. सीटबेल्ट जिथे बसवला आहे तिथून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्र्याचा भाग असा कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास. याच टप्प्यावर काही मालकांची कल्पकता दिसून येते. भोकात लांबी भरायची, घासून गुळगुळीत करायची, वरून काळ्या रंगाचा जाड थर द्यायचा. नियमांना ही कलाकुसर मान्य नाही. तिथे नवा पत्रा लावून चहूबाजूंनी सलग वेल्डिंग केलेले असावे लागते.

आता वयाविषयी. गाडी जशी जुनी होत जाते तसे नापासाचे प्रमाण वाढते, हे खरेच. पण ते अखेरपर्यंत वाढत राहत नाही, आणि मालकवर्गाची नेमकी इथे पंचाईत होते. ब्रिटिश परिवहन खात्याने २०१२ साली दिलेल्या माहितीनुसार १९६० पूर्वी बनलेल्या गाड्यांपैकी पहिल्या खेपेला नापास होणाऱ्या दहा टक्क्यांहूनही कमी होत्या; नंतरच्या गाड्यांत हेच प्रमाण तीस टक्क्यांच्या वर होते. त्या जुन्या गाड्यांच्या मालकांपैकी सुमारे दोनतृतीयांश वर्षाला ५०० मैलांहून कमी गाडी चालवत. ज्या टिकायच्या नव्हत्या त्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. उरल्या त्या गॅरेजमध्ये पांघरूण घालून ठेवलेल्या आणि रविवारी पुसलेल्या.

शिवाय या जुन्या मंडळींना पेपरही सोपा असे. प्रत्येक गाडी तिच्या काळाच्या नियमांनी तपासली जाते. ऑगस्ट १९७५ पूर्वीच्या पेट्रोल गाडीचा धूर फक्त डोळ्यांनी पाहतात; ऑगस्ट १९९२ नंतरच्या बहुतेक गाड्यांना मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे कडक निकष लागतात. ज्या गाडीत एअरबॅगच नाही, तिचा एअरबॅगचा दिवा पेटणार कुठून? खरी कोंडी होते ती मधल्या वयाच्या गाडीची. दहा वर्षे उलटलेली, एबीएस, एअरबॅग, इंजिनाचा इशारा अशा डझनभर दिव्यांनी सजलेली, आणि तिसऱ्या मालकाकडे आलेली ही गाडी. दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या जवळ पोहोचलेला असतो आणि तिच्यावाचून रोजचे अडत असते. ती पुढच्या एमओटीपर्यंत ढकलली जाते. डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावणे हा या वयोगटातला मान्यताप्राप्त उपचार आहे.

१९६० पूर्वीच्या गाड्यांना नोव्हेंबर २०१२ पासून या तपासणीतून सूट मिळाली. मे २०१८ पासून ती सूट चाळीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या सर्व गाड्यांना लागू झाली. गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवण्याची जबाबदारी मात्र कायम राहते. सूट असूनही काही मालक आपणहून गाडी तपासून घेतात. हे वर्तन प्रस्तुत पत्राच्या विषयाशी विसंगत असल्याने त्याची दखल घेतलेली नाही.

महाराष्ट्रात, किंबहुना भारतात, या प्रश्नाची सोडवणूक दुसऱ्या टोकाने झाली आहे. आठ वर्षांवरच्या टॅक्सीला दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये झाले. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली ती वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून. तिचे ब्रेक कसे लागत होते, हा प्रश्न त्या मर्यादेपुढे उरतच नव्हता. वय मोजणे सोपे असते. त्याला लिफ्टही लागत नाही आणि हातोडीही.

ब्रिटनमध्ये प्रत्येक तपासणीचा निकाल जाहीर असतो. माणसाच्या आजारपणाची फाइल गुप्त, गाडीची मात्र चव्हाट्यावर : नंबर टाकला की ती कधी, कशावर नापास झाली, किती मैल चालली आणि परीक्षकाने कोणता सल्ला दिला होता, हे कोणालाही दिसते. पुण्याहून किंवा ठाण्याहून तिथे गेलेल्या आणि जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या माणसाने चकचकीत रंगाआधी हीच नोंद वाचावी. ‘मागचे टायर झिजत आले आहेत’ असा सल्ला लागोपाठ तीन वर्षे दिसला, तर विकणाऱ्याचा स्वभाव कळायला आणखी काही लागत नाही.

२०१८ पासून दोषांची प्रतवारीही झाली आहे : किरकोळ, गंभीर, धोकादायक. किरकोळ दोषावर गाडी पास होते. धोकादायक दोष निघाल्यास आधीचे प्रमाणपत्र शिल्लक असले तरी ती गाडी चालवत घरी नेता येत नाही. नेल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण. गाडी त्याच गॅरेजमध्ये दुरुस्तीला ठेवली आणि कामाच्या दहा दिवसांत पुन्हा दाखवली, तर फेरतपासणीची पूर्ण फी पडत नाही.

कळावे.

सही/-