हजार सह्या आणि एक सांताक्लॉज

आपल्याकडे एबी फॉर्म कोणाच्या खिशात आहे हे शेवटच्या रात्रीपर्यंत कळत नाही. अमेरिकेत तसे नाही. तिकीट जनताच वाटते. मिशिगनमध्ये तर मतदाराला पक्षाचे सदस्यही असावे लागत नाही. ऑगस्टमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मतपत्रिका घ्यायची, दोनपैकी हव्या त्या पक्षाच्या रकान्यात खूण करायची. म्हणजे शेजाऱ्याच्या मुलासाठी स्थळ आपण पसंत करायचे.

अट एवढीच, अमेरिकी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवाराने हजार वैध सह्या आणाव्यात. थॅडियस मॅकॉटर हे रिपब्लिकन खासदार 2011 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरले होते. ते जमले नाही म्हणून 2012 मध्ये स्वतःच्या अकराव्या मतदारसंघाकडे वळले, तर वैध सह्या भरल्या 244! कार्यकर्त्यांनी जुन्या कागदांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. साहेब बाद झाले. छापील मतपत्रिकेवर पक्षाचे एकच नाव उरले: केरी बेंटिव्होलिओ. यांचा जोडधंदा रेनडिअर पाळणे आणि नाताळात सांताक्लॉज होणे. पक्षाच्या वजनदारांनी घाबरून एका बाईंचे नाव हाताने लिहायची मोहीम काढली. लोकांनी लिहायचा कंटाळा केला आणि सांता वॉशिंग्टनला पोहोचला. (दोन वर्षांनी पुढच्याच प्रायमरीत त्याला परत पाठवले, ते वेगळे.)

स्थळ पसंत करण्याची कला डेमोक्रॅट पक्षाने 2022 मध्ये तिसऱ्या मतदारसंघात दाखवली. ट्रम्पविरोधी महाभियोगाला मत देणारे रिपब्लिकन पीटर मायर यांना पाडायचे, तर त्यांचे ट्रम्पवादी प्रतिस्पर्धी जॉन गिब्ज यांच्यावर ‘फारच कट्टर’ अशी टीका करणाऱ्या जाहिरातींवर चार लाख डॉलरहून जास्त उधळले. ही टीका रिपब्लिकनांना शिफारसपत्रासारखी वाटेल, हा हिशेब. गिब्जना तिकीट मिळाले, नोव्हेंबरात हिलरी शोल्टन जिंकल्या. लोकशाही धोक्यात असल्याची भाषणे मात्र चालूच होती.

आता आपले बेळगावचे श्री ठाणेदार. ‘ही श्रीची इच्छा’चे लेखक. 2018 मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत खिशातले कोटीभर डॉलर घालून तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात त्याच पक्षाच्या प्रायमरीत नऊ जण उभे राहिले, आणि सुमारे 28 टक्क्यांत ठाणेदार पहिले. उरलेल्या 72 टक्क्यांची इच्छा आठ ठिकाणी वाटली गेली.

2024 मध्ये मागच्या वेळी दुसरे आलेले अ‍ॅडम होलिअर पुन्हा सरसावले. त्यांचा अर्जच बाद झाला. वैध सह्या हजार भरल्या नाहीत. गोळा करणाऱ्यांनी आणलेल्या कित्येक एकाच हस्ताक्षरातल्या दिसत होत्या. मॅकॉटरांच्या माणसांनी निदान झेरॉक्सला पैसे तरी घातले होते.