प्लगइनराव

संगणकाशी गप्पा मारण्याची सोय सर्वसामान्यांच्या हाती आल्यापासून मराठी मध्यमवर्गात जे नवे मनुष्यप्रकार उदयाला आले, त्यांत ‘प्लगइनराव’ हा प्रकार स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. पुण्या-ठाण्याच्या गृहनिर्माण संस्था हे त्याचे मुख्य वसतिस्थान असले, तरी बंगळूरपासून न्यू जर्सीपर्यंत जिथे म्हणून महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे त्याचा एखादा तरी नमुना सापडतोच. वय, शिक्षण किंवा उत्पन्न यांवरून तो ओळखता येत नाही. चॅटबॉट जसा मिळाला तसा वापरणे हा त्याला स्वतःच्या बुद्धीचा अपमान वाटतो, एवढे एकच लक्षण त्याच्या सर्व पोटजातींत समान आहे. ज्या घरात फूड प्रोसेसर घेताना सोबतची पाती मोजून घेतली गेली, पात्यांचे खोके माळ्यावर गेले आणि नारळ मात्र पुढेही विळीवरच खोवला जात राहिला, अशा घरात त्याच्यावर संस्कार झालेले असतात.

प्लगइन म्हणजे चॅटबॉटला बाहेरच्या एखाद्या सेवेशी जोडून देणारा पूरक भाग. चॅटबॉटच्या मुळाशी असलेले मॉडेल आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत उत्तर रचते. त्यामुळे त्याला निबंध झकास लिहिता येतो, पण आजचे विमानभाडे ठाऊक नसते आणि मोठ्या संख्यांचा गुणाकार ते पूर्ण आत्मविश्वासाने चुकवू शकते. ही उणीव भरून काढण्यासाठी ओपनएआय या कंपनीने २३ मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीसाठी प्लगइनची योजना जाहीर केली आणि पहिल्याच तुकडीत प्रवासासाठी एक्स्पीडिया व कायाक, हॉटेलात टेबल राखून ठेवण्यासाठी ओपनटेबल, किराणा मागवण्यासाठी इन्स्टाकार्ट आणि गणितासाठी वुल्फ्रॅम अशा सेवा दाखल झाल्या. प्रत्येक प्लगइनसोबत ते काय करते याचे साध्या भाषेत वर्णन दिलेले असे. मॉडेल ते वर्णन वाचून प्रश्नाला साजेसे प्लगइन निवडी, त्या सेवेकडे विचारणा धाडी आणि आलेले उत्तर आपल्या वाक्यांत गुंफून वापरणाऱ्यापुढे ठेवी.

एका वेळी तीनच प्लगइन चालू ठेवता येतील, असा त्या काळी नियम होता आणि प्लगइनरावांच्या स्वभावाचे खरे दर्शन या नियमामुळे घडले. महिना वीस डॉलरची वर्गणी भरून आत शिरलेल्या प्लगइनरावांना तीनवर थांबणे अशक्य असल्याने सकाळची तीन, दुपारची तीन आणि रात्रीची तीन अशी त्यांनी पाळी लावली. कोथरूडमधल्या दोन खोल्यांत बसून त्यांनी सर्वप्रथम इन्स्टाकार्ट जोडले. ती सेवा फक्त अमेरिकेत आणि कॅनडात घरपोच किराणा देते, ही गोष्ट त्यांना गौण वाटली, कारण बटाट्याच्या भाजीची कृती विचारताच सामानाची यादी आपोआप तयार झाली होती. स्वयंपाकघरातून “अहो, कोथिंबीर संपलीय, तेवढी घेऊन या” अशी हाक आली, तेव्हा ते त्या यादीतल्या कोथिंबिरीच्या जुडीचा डॉलरमधला भाव वाचत होते.

साधन वापरण्यापेक्षा ते शोधण्यात प्लगइनरावांचा अधिक वेळ जातो, हे त्यांचे दुसरे लक्षण. संस्थेच्या देखभाल खर्चाचा ताळेबंद तपासण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले, तर ते आधी पीडीएफ वाचणारी चार प्लगइन गोळा करतात, चौघांना तोच ताळेबंद वाचायला देतात, चौघांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी पाचव्याचा शोध सुरू करतात आणि या खटाटोपात वार्षिक सर्वसाधारण सभा येऊन ठेपते. पाण्याच्या टँकरचे बिल दोनदा लागले आहे हे त्या सभेत खजिनदारबाई चष्मा कपाळावर सरकवून, पेन्सिलने खूण करून दाखवतात. त्यावर प्लगइनराव, तिसऱ्या प्लगइनलाही तसा संशय आला होता, एवढी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावतात.

या संग्रहावर काळाने घाला घातला, तोही दोन हप्त्यांत. २०२३ साल सरत असताना पीडीएफ वाचण्याची सोय मूळ चॅटजीपीटीतच आली, त्यामुळे त्या चौघांचे प्रयोजन संपले. आणि ९ एप्रिल २०२४ रोजी तर प्लगइनची योजनाच गुंडाळण्यात आली. दरम्यान १० जानेवारी २०२४ला ‘जीपीटी स्टोअर’ उघडले होते. हे जीपीटी म्हणजे नेहमीच्याच चॅटबॉटला विशिष्ट सूचना आणि संदर्भाची कागदपत्रे देऊन घडवलेले खास अवतार; ते बनवायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही आणि दुकान उघडले तेव्हा असे तीस लाखांवर अवतार तयार झाल्याचे ओपनएआयने सांगितले. त्यांत प्लगइनरावांनीही एकाची भर घातली. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी भरून त्यांनी ‘सोसायटी सल्लागार’ सिद्ध केला, त्याची लिंक संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि तिला सतरा अंगठे मिळाले. सल्लागाराला प्रश्न मात्र एकानेच विचारले. तेही पार्किंगविषयी, आणि विचारणारे स्वतः प्लगइनरावच होते.

नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे कोणतेही साधन कोणत्याही चॅटबॉटला एकाच ठरावीक पद्धतीने जोडता यावे यासाठीचा खुला नियमसंच, प्रसिद्ध केला, आणि पुढच्या वर्षी ओपनएआयनेही तो स्वीकारला. प्लगइनरावांच्या दृष्टीने हे युगप्रवर्तक ठरले, कारण आता तीनची मर्यादा उरली नाही. सुरुवातीच्या दिवसांत ही जोडणी करायला एका फाइलमध्ये महिरपी कंस, अवतरणचिन्हे आणि स्वल्पविराम यांची काटेकोर मांडणी हाताने करावी लागे, आणि त्यांतला एक स्वल्पविराम राहिला तरी एकही साधन सुरू होत नसे. उभ्या आयुष्यात पत्रातही स्वल्पविराम न दिलेले प्लगइनराव त्यामुळे रात्री एक वाजता पडद्याला नाक लावून तो शोधताना दिसू लागले. शेअर दलाली करणाऱ्या झिरोधा या कंपनीने २०२५मध्ये काइट या आपल्या सेवेसाठी अशीच जोडणी उपलब्ध केल्यावर त्यांनी आपली गुंतवणूक चॅटबॉटला दाखवून ती का घटली असे विचारले. शेअरचे भाव उतरल्यामुळे ती घटली, असे सविस्तर आणि तक्त्यासह उत्तर मिळाले.

साधने वाढली की चॅटबॉट अधिक हुशार होतो, या प्लगइनरावांच्या मूळ सिद्धान्तात एक खोट आहे. प्रत्येक साधनाचे वर्णन मॉडेलच्या ‘कॉन्टेक्स्ट’मध्ये, म्हणजे उत्तर देताना एका वेळी नजरेसमोर धरता येणाऱ्या मजकुरात, जागा अडवते, वर्णनांची गर्दी झाली की प्रत्यक्ष प्रश्नासाठी जागा कमी उरते आणि एकसारख्या दिसणाऱ्या साधनांतून नेमके निवडण्यात चूक होऊ लागते. म्हणूनच “उद्या बँक चालू आहे का?” एवढे विचारल्यावर प्लगइनरावांचा चॅटबॉट आधी कॅलेंडर उघडतो, मग हवामान पाहतो, नंतर संगणकातल्या फाइली चाळतो आणि शेवटी उद्या दुपारी हलक्या सरींची शक्यता असल्याचे कळवतो. शेजारच्या आजोबांनी तोच प्रश्न भिंतीवरच्या कालनिर्णयला विचारलेला असतो.

तरीही प्लगइनराव निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. शंभर साधने वाया घालवून त्यांना जी तीन-चार खरी कामाची सापडतात, ती सगळी इमारत फुकटात वापरते. हिशेबाचे काम मॉडेलच्या अंदाजावर न सोडता मोजणाऱ्या साधनाकडे द्यावे, हे मुदत ठेवीचे व्याज काढणाऱ्या निवृत्त मंडळींना त्यांनीच शिकवले. एखाद्या काकूंना मुलीच्या लग्नाची यादी लावून हवी असते, एखाद्या काकांना विम्याच्या पॉलिसीचा अर्थ समजून घ्यायचा असतो. ही मंडळी चॅटबॉटकडे जात नाहीत, प्लगइनरावांकडे जातात, आणि प्लगइनराव विचारणा पुढे धाडून आलेले उत्तर सोप्या मराठीत आणून देतात. वरच्या व्याख्येप्रमाणे इमारतीतले एकमेव भरवशाचे प्लगइन म्हणून त्यांचेच नाव घ्यावे लागेल.

त्यांच्या स्वभावातला सर्वांत गूढ भाग परवानगीशी निगडित आहे. फ्लॅटची दुसरी किल्ली सख्ख्या मेव्हण्यालाही न देणारा आणि कुरिअरवाल्याच्या यंत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणारा हा गृहस्थ, सर्व ईमेल वाचण्याची, पाठवण्याची आणि पुसण्याची मुभा मागणाऱ्या अनोळखी साधनाला निमिषार्धात ‘अलाऊ’ करतो. चॅटजीपीटीच्या नावाने फेसबुक खाती पळवणारे एक बनावट एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक भाग, मार्च २०२३मध्येच उघडकीला आले होते आणि गूगलला ते आपल्या दुकानातून काढून टाकावे लागले होते. साधन प्रामाणिक असले तरी धोका टळत नाही, कारण आलेल्या एखाद्या ईमेलमध्येच कोणी सूचना दडवून ठेवली, तर ती मालकाचीच आज्ञा समजून चॅटबॉट पाळू शकतो. शिवाय साधन बंद पडले म्हणून त्याला ईमेल खात्यावर दिलेला हक्क आपोआप संपतो असे नाही. तो खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने काढून घ्यावा लागतो. मुलीने हे सारे पटवून दिल्यावर प्लगइनराव खरोखरच गंभीर होतात, सेटिंग उघडतात आणि नावांची लांबलचक यादी पाहून थबकतात. एवढी नावे हाताने काढत बसणे त्यांना मागासलेपणाचे वाटते, म्हणून ते शोध घेतात आणि जुन्या परवानग्या आपोआप साफ करून देणारे एक नवे साधन त्यांना तासाभरात सापडतेही. ते साधन कामाला लागण्यापूर्वी संपूर्ण ईमेल खात्याची परवानगी मागते, आणि प्लगइनराव ती देतात.