या ६१७४ला कोणी आवरेल का?

झालं! आता गाड्यांच्या नंबरांनाही सुखाने जगू द्यायचं नाही लोकांनी. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला पुढच्या गाडीच्या पाटीकडे टक लावून काहीतरी पुटपुटतोय. जप म्हणावा, तर मधेच ‘हातचा एक’ ऐकू येतो. दिवा हिरवा झाला, मागून हॉर्न बोंबलू लागले, तरी हे महाशय जागचे हलतील तर शपथ! का, तर म्हणे ६१७४ येतंय का ते बघतोय. अहो, येणारच! न येऊन सांगतंय कुणाला?

रीत अगदी बाळबोध. कुठलेही चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, त्याखाली चढत्या क्रमाने मांडा, वजा करा. उत्तराचंही तेच करा. फार तर सात वजाबाक्या, की ६१७४ हजर! पुढे ७६४१मधून १४६७ वजा केले, तरी पुन्हा ६१७४च. इतकं ठाण मांडून तर मे महिन्यातले पाहुणेही बसत नाहीत.

हे पाप कुणाचं? देवळालीच्या एका शाळामास्तरांचं! दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. मुलांना त्रैराशिक शिकवावं, पगार घ्यावा, गप्प बसावं, ते सोडून १९४९ साली त्यांनी हे खूळ काढलं. इथल्या बड्या गणितींनी तेव्हा नाकं मुरडली. पण १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि साथ जगभर पसरली. आता भोगा!

भक्तमंडळींचा कहर तर विचारूच नका. मास्तरांचं जन्मसाल १९०५. करा वजाबाकी: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुरत्या सात! शोधाचं साल १९४९? त्यालाही सातच! झालं, मंडळींच्या अंगावर काटा. त्यात ६१७४च्या अंकांची बेरीज १८. आणि १८, १८चा वर्ग, १८चा घन एकत्र केले की पुन्हा ६१७४! आता यांना जमिनीवर कोण आणणार?

हाल झाले ते फॅन्सी नंबरवाल्यांचे. पैसे ओतून ९९९९ मिळवला, आणि भाचा म्हणतो, ‘काका, पहिल्याच फटक्याला शून्य!’ कुठे तोंड दाखवायचं माणसाने?

तरी एखादा शहाणा निघतोच. म्हणे, चमत्कार कसला? आकडे उतरत्या क्रमाने लावा. टोकांच्या अंकांतला फरक गुणिले ९९९ आणि मधल्या अंकांतला फरक गुणिले ९०, यांची बेरीज म्हणजेच पहिली वजाबाकी. म्हणून हजारो संख्या पहिल्याच दमात अवघ्या ५४ उत्तरांत कोंबल्या जातात, मग पळून जाणार कुठे? पटलं बुवा. पण मग लग्नपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने काय खरडलंय, महाराज?

आपण बाकी असल्या फंदात पडत नाही. तीन आकड्यांची गाडी ४९५ वर अडते, हे आपल्याला उगीच आपलं ठाऊक आहे, एवढंच.

आणि तुम्ही हो, हसताय कशाला? मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांचा निकाल मघाशीच लावलात ना? किती लागल्या? तीनच? अरेरे! शेजारच्यांना सात लागल्या, सकाळपासून अख्ख्या जिन्याला सांगत सुटलेत!