बोयटाची बडदास्त: जिवंत आमिषाने गरवू इच्छिणाऱ्यांसाठी

मेलेली कोळंबी गरीला लावून समुद्राकाठी बसणारा माणूस मासा पकडायला बसलेला असतो. जिवंत मासा लावणाऱ्याचं काम इतकं सोपं नाही. त्याला आधी एक मासा पकडायचा असतो, मग तो जगवायचा असतो, आणि शेवटी तो कुणीच खाल्ला नाही म्हणून हळहळायचं असतं. हा दुसरा, कुलीन मार्ग ज्यांना पत्करायचा आहे त्यांनीच पुढे वाचावं.

उदाहरणादाखल मालवण तालुक्यातलं देवबाग घेऊ. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. आमिष खाडीत मिळतं, ते खाणारा समुद्रात असतो. मधलं अंतर केवळ तुमच्या बालदीची परीक्षा पाहण्यासाठी आहे.

आमिषाची निवड. तारली दिसायला चकचकीत, पण तिला हात लावला की खवले सुटतात आणि थोड्याच वेळात ती प्राण सोडते. बोयट मात्र काटक. गोडं पाणी, खारं पाणी, गढूळ पाणी, सगळं त्याला चालतं. मधल्या बोटाएवढं बोयट उत्तम. ते पागाने धरतात. पाग गोल उघडून टाकणं ही वर्षानुवर्षांची विद्या आहे, तेव्हा ती शिकण्याऐवजी पागणाऱ्या काकांशी गोड बोलावं. ते "कित्याक व्हयेत?" असं विचारतील. इथे खरं सांगू नये. कालवणाला चालणारी बोयटं समुद्रात भिरकावणार आहोत हे कळल्यावर काका किंमत वाढवणार नाहीत, पण तुमच्याकडे ज्या नजरेने बघतील ती महाग पडेल.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे बडदास्त. बोयट हाताळण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं कवच असतो. वीस लिटरच्या बालदीत पाच-सहाच बोयटं ठेवावीत. लोभाने पंधरा कोंबली तर तासाभरात एकही जिवंत राहत नाही. पत्र्याची बालदी नको, उन्हात ती तापते आणि पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. बालदी सावलीत असावी, तिच्यावर ओलं फडकं असावं, आणि मत्स्यालयात वापरतात तसला बॅटरीवरचा छोटा पंप आत बुडबुडे सोडत असावा. भर मे महिन्यात सासुरवाडीची मंडळी आली तेव्हा पंखा दोनवर ठेवणारे गृहस्थ या पंपासाठी दोन सेल जास्तीचे खिशात बाळगतात. घरच्यांना हे खुपतं. खुपू द्यावं.

बोयटं पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागली की पाणी बदलायची वेळ झाली. एखादं उताणं तरंगू लागलं तर आमिष म्हणून त्याचा कारभार आटोपला. तळणीसाठी मात्र तो अजून सुरूही झालेला नाही.

वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावस्याही पंधरावी तिथीच धरायची. त्याआधीचे दोन तास, चढत्या पाण्याचे, गरवायला चांगले. त्यात पहाट किंवा तिन्हीसांज सापडली तर सोन्याहून पिवळं. ज्यांना घरातल्या चतुर्थीची आठवण करून द्यावी लागते, ते या निमित्ताने पंचांग पाठ करतात. पावसाळ्याचा मोह मात्र टाळावा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, म्हणून सगळे मासे आपल्याचसाठी मोकळे आहेत असं काहींना वाटतं. त्या खवळलेल्या लाटांत बोयट टिकत नाही. टाकणाराही टिकेलच असं नाही.

गरी कुठे टोचावी यावर किनाऱ्यावर मतभेद आहेत आणि ते राहणार. वरच्या ओठातून टोचली तर ओढून घेताना बोयट सरळ येतं. पाठीवरच्या पराच्या जरा पुढे, कण्याला धक्का न लावता टोचली तर ते धडपडतं, आणि ती धडपड दूरवर जाणवते. शिसं सरकतं असावं, म्हणजे गिळणाऱ्याला वजन लागत नाही. फेकताना हिसका देऊ नये. हिसक्याने बोयट गरीतून सुटून एकटंच समुद्रात जातं, आणि रिकामी गरी त्याच्यामागून.

आणि दूर फेकू नये. नवखा माणूस थेट ओमानच्या रोखाने फेकतो. पांढऱ्या फुटणाऱ्या लाटेखाली वाळूचा उंचवटा असतो आणि तिच्या अलीकडे, किनाऱ्यालगत, गडद पाण्याची पन्हळ. मोठा मासा भरतीबरोबर त्या पन्हळीत शिरतो. म्हणजे पुष्कळांची गरी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाते. ही पन्हळ जिथे उंचवटा फोडून समुद्राकडे वळते तिथे ओढ जबरदस्त असते. माशासाठी जागा नामी, पण तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहणं हा मूर्खपणा.

यानंतर बसायचं. येणारा-जाणारा प्रत्येक जण "गावला काय?" विचारतो. उत्तर कोणतंही दिलं तरी तो "काल येवक व्हया होतास" एवढं सांगून पुढे जातो. तंगूस ताणली की लगेच ओढू नये. शिकारी मासा बहुधा बोयट फिरवून डोक्याकडून गिळतो, त्याला थोडी सवड द्यावी. गरी परत आली आणि तिच्यावर बोयटाचं नुसतं डोकं असलं तर समजावं, केंड येऊन गेला. तो स्वतःच लागला तर रागाने फुगतो आणि विषारी असल्याने ताटातही चालत नाही. शिंगाळा लागला तर काटे सांभाळावेत. पाण्यात पाय वाळूवर घासत चालावं, म्हणजे लपलेलं पाकट बाजूला होतं.

तांबोशी, कोकर किंवा जिताडा लागला तर मार्गदर्शनाची गरज उरत नाही, कारण मग आसपासचे सगळेच तुम्हाला मार्गदर्शन करू लागतात.

उरलेली बोयटं जिवंत असतील तर ती ज्या खाडीतून आणली तिथेच सोडावीत. तुटलेली तंगूस मात्र एक वीतही वाळूत टाकू नये. ती वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि याच किनारपट्टीवर कासवं अंडी घालायला येतात. गुंडाळा आणि घरी न्या.