स्पॅनिश घेणाऱ्या वेड्यांसाठी

टेक्सासमधल्या मराठी घरांत मूल नववीत गेलं की हिशेब मांडला जातो. हायस्कूल पूर्ण करायला इंग्रजीखेरीज एका भाषेची 2 क्रेडिट्स लागतात. त्याऐवजी संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा घ्यायचीही सोय नियमात आहे. शहाणी माणसं लगेच सांगतात, "अरे, कोडिंग घे. स्पॅनिश शिकून कुणाचं भलं झालंय? आता तर फोनच भाषांतर करून देतो." हे सगळं ऐकूनही जी मुलं स्पॅनिशच घेतात, त्या वेड्यांची मला मनापासून स्तुती करायची आहे.

वेडेपणा पाहायचा तर तो वर्गात. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलगी उभी राहते आणि काल रात्री काय जेवलो एवढं सांगताना तिला घाम फुटतो. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलायचं, काळाप्रमाणे बदलायचं, आणि रोज लागणारी क्रियापदंच नेमकी नियम मोडणारी. त, द मराठी जिभेला आयतेच येतात, पण वाक्य मध्येच अडकतं. शेजारी बसलेला मुलगा घरी आजीशी स्पॅनिशच बोलतो. तो आधी हसतो, मग हळूच क्रियापद सुधारून देतो. चौदाव्या वर्षी चारचौघांत तीन वर्षांच्या पोरासारखं बोबडं बोलायचं, तेही ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्यासमोर! दुसऱ्या कुठल्या तासाला मुलांकडून एवढं धाडस मागितलं जात नाही.

शहाणपणाने काय होतं, तेही टेक्सासने पाहिलंय. 1836 पर्यंत हा मेक्सिकोचा मुलूख. स्पॅनिश इथे इंग्रजीच्या आधीपासून नांदत होती. 1918 मध्ये कायदा झाला, सरकारी शाळांत शिकवायचं ते इंग्रजीतूनच. मार्फा गावात मेक्सिकन वंशाच्या मुलांची वेगळी ब्लॅकवेल शाळा होती. तिथे स्पॅनिश बोललं की फळीचे फटके बसत. 1954 मध्ये तर मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि 'मिस्टर स्पॅनिश'ची अंत्ययात्रा काढून त्या शाळेच्या आवारात पुरल्या. इंग्रजी सुधारली की पोरांचं भलं होईल, हा त्यामागचा हिशेब. 2022 मध्ये अमेरिकेने कायदा करून त्याच शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

ज्या भाषेसाठी एका पिढीने मार खाल्ला, तिचीच आज गुणपत्रिकेवर क्रेडिट्स मिळतात, आणि आपल्या मुली ती त्या पिढीच्या नातवंडांकडून दुरुस्त करून घेतात. नफ्यातोट्याच्या वहीत हे कुठे लिहायचं, मला सांगता येणार नाही. पण मुंबई-पुण्यात येणाऱ्याने मराठी शिकावी असं आपण हक्काने म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. मग ह्यूस्टनला घर घेतलेल्या कुटुंबाला, घराचं छप्पर घालणाऱ्या, अंगणातलं गवत कापणाऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत चार वाक्यं बोलता यायला नकोत?

2 क्रेडिट्स पदरात पडली की बरेच जण भाषा सोडतात. काही मुलं मात्र सक्ती नसतानाही तिसऱ्या वर्षाला नाव घालतात. तेव्हा घरात पुन्हा हिशेब निघतो. आईबाबांना माझं एवढंच सांगणं आहे: फॉर्मवर सही करा आणि वर्गात शेजारी बसणाऱ्या त्या मुलाच्या आजीला एकदा घरी जेवायला बोलवा. बोलायचं काम तुमची मुलगी करेल.