हद्द कायम

सरकारी मोजणीच्या एका प्रकाराचं नाव ‘हद्द कायम’ आहे. हे नाव ज्यानं ठेवलं, त्याला शेत तरी नसावं किंवा भाऊबंद तरी नसावेत.

आमची हद्द यंदा चौथ्यांदा कायम झाली. मी फी भरली. लगतच्या कब्जेदाराला, म्हणजे आमच्या सख्ख्या चुलत्यांना, आण्णांना, नोटीस गेली. भूकरमापक रोव्हर घेऊन आले, उपग्रहांनी वरून बांध दाखवला, दगड रोवले गेले. आण्णांनी बांधावर सगळ्यांना चहा पाजला. चहा चांगला होता. मग नांगरट झाली आणि दगड माझ्या रानात चालत आले.

गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३० च्या दशकात इंदापुराकडे मोजणीची घडी बसवली, तेव्हा त्यांनी आण्णा पाहिलेले नव्हते. जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा. या मापात आण्णांचा हिशेब फार सोपा होतो. आमचा सामाईक बांध दहा साखळ्यांचा. तो एक आणा, म्हणजे दोन फुटांहून जरासा जास्त, सरकला की गुंठ्यातले दहा आणे पलीकडे जातात. दरसाल एक आणा कोरला तर सोळा वर्षांत दहा गुंठे. पाव एकर! खरेदीखत नाही, मुद्रांक शुल्क नाही, फेरफार नाही. सातबारा अजून माझ्याच नावावर असल्यामुळे शेतसाराही मीच भरतो.

कुणी म्हणालं, दगडाला शेंदूर फासा. फासला. पुढच्याच अमावास्येला देव दोन फूट माझ्याकडे सरकला. आण्णांना दृष्टान्त झाला होता.

बरं, कायदा आहे. १९६६ ची जमीन महसूल संहिता सांगते की हद्दीच्या निशाण्या नीट राखणं हे जमीनधारकाचं काम. आणि जाणूनबुजून निशाणी काढणाऱ्याला दंड, निशाणीमागे जास्तीत जास्त शंभर रुपये. बांधाच्या दोन टोकांचे दोन दगड धरले, आण्णा दरसाल पकडले गेले आणि दरसाल पुरता दंड झाला, तरी सोळा वर्षांचे होतात बत्तीसशे. या भावात आमच्या तालुक्यात पाव एकर कुठे मिळत असेल, तर मलाही कळवा.

गेल्या आठवड्यात एक दगड दिसेचना. तो आण्णांच्या न्हाणीत सापडला. छिन्नीनं पाडलेली फुली वर, तिच्या खाचेत साबणाचा फेस आणि शेजारी काकूंची पिळून ठेवलेली दोन लुगडी.

“आण्णा, हा हद्दीचा दगड ना?”

“आरं, उन्हातान्हात एकटाच पडला व्हता,” आण्णा म्हणाले. “म्हटलं, आपल्याच घरचा हाय. आणला.”

याच संहितेत दंडाची निम्मी रक्कम खबर देणाऱ्याला देण्याची सोय आहे. उरलेल्या निम्म्यात निशाणी पुन्हा उभारायची. म्हणजे मी तक्रार केली तर मला मिळणार पन्नास रुपये आणि दगडाला पन्नास. ताज्या मोजणीची फी किती झाली, ते विचारू नका.

तेव्हा आण्णा, हे सदर तुम्ही वाचता म्हणून इथंच लिहितो. माझे पन्नास मी सोडले. काकूंना धुण्यासाठी चांगला काळा पाथरवटी दगडही आणून देतो. माझा तेवढा होता तिथं नेऊन ठेवा.