रात्रपाळीचे आजोबा

वय वाढलं की शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. माणूस लवकर पेंगतो, पहाटेच जागा होतो. या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ मध्ये नोबेलही मिळालं. आमच्या सोसायटीतल्या काही आजोबांपर्यंत मात्र ही बातमी पोचलेली दिसत नाही. त्यांचे 'सुप्रभात'चे संदेश रात्री दीडलाच सुटतात. (पहाटे उठतंय कोण?) डॉक्टरांपुढे तक्रार ठरलेली: डोळ्याला डोळा लागत नाही हो! दुपारी एक ते चारची 'वामकुक्षी' आणि संध्याकाळचे दोन कडक चहा, हा तपशील तेवढा गाळायचा. मग झोपेची गोळी हवी. रात्री बाथरूमला उठल्यावर तोल घालवते तीच ही गोळी. आजोबा, आधी दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. गोळीचं डॉक्टर बघतील.